घरच्या संगणकाचा किल्लेदार

बऱ्हाणपुराच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरांवर सातपुड्याच्या एका डोंगरावर असीरगड उभा आहे. ‘दक्षिणेचा दरवाजा’ म्हणून इतिहासात त्याची ख्याती आहे. या गडाचे तीन भाग आहेत: खालचा मलयगड, मधला कमरगड आणि सर्वांत वरचा असीरगड. किल्ल्यांचा सर्वसाधारण रिवाज असा असे की, खालच्या तटात भाजीवाला, गवळी, कारागीर यांची ये-जा चाले. बालेकिल्ल्यात मात्र किल्लेदाराच्या आज्ञेवाचून कोणासही पाऊल ठेवता येत नसे. दारूगोळा, धान्य आणि पाणी ही सर्वांच्या जीविताची साधने तेथे असत, आणि एका माणसाच्या चुकीने ती नष्ट होणे म्हणजे सगळा गड बुडणे होय. किल्लेदार दारावर परवलीचा शब्द विचारी तो याच कारणासाठी. कोणाचा पाणउतारा करावा म्हणून नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, आज आपल्या घरोघरी जो संगणक आला आहे, त्याची रचनाही बरीचशी अशीच आहे. एखादा नवा कार्यक्रम बसवावयास जावे तो पडदा एकाएकी अंधुक होतो, मध्यभागी एक चौकट उमटते आणि ‘या कार्यक्रमास संगणकात बदल करू द्यावयाचा काय?’ असा प्रश्न येतो. कधी त्याखाली प्रशासकाचा, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरचा, पासवर्ड मागितला जातो. संगणक आपला, त्याचे पैसे आपल्या वडिलांनी मोजलेले. मग तो आपणांसच परवानगी का विचारतो, अशी शंका येऊन पुष्कळजण चिडतात. काहीजण न वाचताच ‘होय’ म्हणतात, तर काही ही पृच्छाच कायमची बंद करून टाकतात. या दोन्ही मार्गांनी पुढे नुकसान होते. ही चौकट कोणत्या कारणाने येते आणि ती अडून बसल्यास काय करावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. संगणकावर पासवर्ड आला तो १९६१ च्या सुमारास, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत. फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांचे सहकारी यांनी एकच मोठा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता यावा अशी व्यवस्था तेथे निर्माण केली. यंत्र एक आणि वापरणारे अनेक, म्हणून प्रत्येकाची कागदपत्रे निराळी ठेवणे भाग पडले आणि त्यासाठी प्रत्येकाला एक परवलीचा शब्द देण्यात आला. परंतु कुलूप आले की किल्ली शोधणाराही येतो. ॲलन शेर नावाच्या एका संशोधक विद्यार्थ्यास आपल्या वाट्याचा वेळ अपुरा पडू लागला, तेव्हा १९६२ साली त्याने युक्तीने सर्वांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली! ती यादी जशीच्या तशी, साध्या अक्षरांत साठविलेली होती. हाच त्या व्यवस्थेतील मोठा दोष होता.

या दोषावरील उपाय रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सविस्तर सांगितला आहे. गिरणीत ज्वारी दळली की पीठ होते. परंतु पिठावरून पुन्हा दाणे तयार करता येत नाहीत. त्याचप्रमाणे पासवर्डावर गणिती क्रिया करून जे ‘पीठ’ होते तेवढेच संगणकाने जपून ठेवावयाचे. पुन्हा शब्द टंकित केला की तोही दळावयाचा आणि दोन्ही पिठे जुळतात की नाही ते पाहावयाचे. आजचे संगणक याच तत्त्वावर चालतात. म्हणूनच दुरुस्ती करणाऱ्या कारागिरास ‘आमचा विसरलेला पासवर्ड पाहून सांगा’ असे म्हणणे व्यर्थ असते. संगणकापाशी तो शब्द नसतोच. जुना शब्द शोधून काढता येत नाही, नवा मात्र घालता येतो. आणि तो घालण्याचा अधिकार सिद्ध करावा लागतो.

दुसरे तत्त्व अधिकारासंबंधीचे आहे. जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोघा शास्त्रज्ञांनी १९७५ साली असे प्रतिपादन केले की, प्रत्येक कार्यक्रमास आणि प्रत्येक माणसास त्याच्या कामापुरताच अधिकार असावा, त्याहून अधिक नसावा. पत्र लिहावयास बसलेल्या माणसाला कोठाराच्या किल्ल्या हाती घेऊन बसण्याचे प्रयोजन नाही. घरगुती संगणकांत हे तत्त्व रुजावयास मात्र बराच काळ लागला. विंडोज ९५ आणि ९८ यांत तट जवळजवळ नव्हतेच. २००१ च्या विंडोज एक्सपीत तट आले. परंतु बहुतेक घरांतील सर्वचजण प्रशासक म्हणूनच वावरत असल्याने ते असून नसल्यासारखे झाले. २००७ च्या आरंभी सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाने प्रथमच ही परवानगीची चौकट आणली. ती इतक्या वेळा येई की लोक त्रासून गेले. २००९ च्या विंडोज ७ मध्ये तिचे येणे पुष्कळ कमी करण्यात आले, आणि त्याच व्यवस्थेचे सुधारलेले रूप आज आपण पाहतो.

आता कोणत्या कामास परवानगी लागते आणि कोणत्या कामास लागत नाही, ते पाहू. आपल्या गावचा कुंडी भंडारा सर्वांना ठाऊक आहे. १६१५ च्या सुमारास, जहांगीर बादशहाच्या काळात, सातपुड्याच्या उतारावर मुरणारे पाणी जमिनीखालील बोगद्यातून शहराकडे आणण्यासाठी ही योजना करण्यात आली. अशा योजनेत आपल्या घागरीतील पाण्याचे काय करावे हा ज्याचा त्याचा प्रश्न असतो. परंतु बोगद्यात कोणी घाण टाकली तर ती प्रत्येकाच्या घागरीत उतरते. संगणकातही असेच दोन विभाग आहेत. आपला निबंध लिहिणे, चित्र काढणे, छायाचित्रे पाहणे, पडद्यावरील देखावा बदलणे ही आपल्या घागरीतील कामे होत. त्यांना प्रशासकाची अनुज्ञा लागत नाही. सर्वांसाठी नवा कार्यक्रम बसविणे, मूळ प्रणालीच्या फायलींत बदल करणे, दुसऱ्याचे खाते उघडणे वा पुसणे, संगणकाचे घड्याळ बदलणे ही बोगद्यातील कामे होत. तेथे किल्लेदार हटकतो, आणि त्याने हटकलेच पाहिजे.

येथे एक शंका नेहमी विचारली जाते. ‘माझे खाते प्रशासकाचेच आहे, तरीही परवानगी नाही असा संदेश का येतो?’ याचे उत्तर असे की, विंडोजमध्ये प्रशासकाने प्रवेश केला तरी त्याच्या कार्यक्रमांस प्रारंभी सामान्य माणसाचाच अधिकार दिलेला असतो. पूर्ण अधिकाराचा शिक्का बाजूस ठेवलेला असतो आणि चौकटीत ‘होय’ म्हटल्यावरच तो त्या एका कार्यक्रमापुरता बाहेर काढला जातो. म्हणून एखादा विश्वासाचा कार्यक्रम अडत असेल, तर त्याच्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ हा पर्याय निवडावा. सामान्य खात्यावर बसलेल्यास मात्र नुसते ‘होय’ पुरत नाही. तेथे प्रशासकाचा पासवर्डच द्यावा लागतो. पडदा अंधुक होतो त्यालाही अर्थ आहे. त्या वेळी इतर सर्व कार्यक्रम दूर ठेवलेले असतात, म्हणजे एखाद्या लबाड कार्यक्रमास आपणहून ‘होय’चे बटण दाबता येऊ नये.

एवढे समजल्यावर प्रत्यक्ष अडचणींकडे वळू. पासवर्ड बरोबर देऊनही संगणक तो नाकारीत असेल, तर घाबरून न जाता पुढील क्रमाने तपास करावा.

पहिली गोष्ट, चौकटीत कोणत्या खात्याचे नाव आहे ते वाचावे. मुलगी आपला पासवर्ड पुनःपुन्हा देत असते आणि चौकट मात्र वडिलांच्या खात्याचा मागत असते; निम्म्या तक्रारी अशा असतात, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. तसेच पिन आणि पासवर्ड या दोन निराळ्या वस्तू आहेत. पिन हा त्या एका यंत्रापुरता असतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा पासवर्ड हा त्या खात्याचा असून तो कोणत्याही यंत्रावर चालतो. एकाच्या जागी दुसरा दिला तर तो नाकारला जाणारच.

दुसरी गोष्ट, कळफलक तपासावा. कॅप्स लॉकची कळ चुकून दाबली गेली की लहान अक्षरे मोठी होतात, आणि पासवर्डात हा भेद मोजला जातो. उजवीकडील अंकांच्या कळा वापरीत असाल तर नम लॉक चालू आहे की नाही ते पाहावे. आपल्यासारख्या मराठी घरांत आणखी एक कारण फार आढळते. पत्र लिहिण्यासाठी कळफलक मराठीवर केलेला असतो आणि तो तसाच राहतो. मग रोमन अक्षरे टंकित करतो आहोत अशा समजुतीने आपण देवनागरी अक्षरे टंकित करीत असतो, आणि पडद्यावर केवळ ठिपके दिसत असल्याने ती चूक डोळ्यांस दिसत नाही. अशा वेळी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात कोणती भाषा दाखविली आहे ते पाहावे आणि विंडोजची कळ दाबून धरून स्पेसबार दाबावा, म्हणजे भाषा बदलते. पासवर्डाच्या रकान्यापुढे डोळ्याचे चिन्ह असल्यास ते दाबून, आजूबाजूस कोणी नसताना, टंकित केलेली अक्षरे पडताळावी.

तिसरी गोष्ट लिनक्स वापरणाऱ्यांसाठी आहे. तेथे टर्मिनलमध्ये ‘सुडो’ ही आज्ञा दिली की पासवर्ड मागितला जातो. परंतु तो टंकित करताना बहुधा ठिपकेही उमटत नाहीत. कळफलक बिघडला असे समजून नवखा विद्यार्थी थांबतो. वस्तुतः अक्षरे पोहोचत असतात. शब्द पुरा करून एंटर दाबावे म्हणजे झाले.

चौथी गोष्ट, आपले खाते कोणत्या प्रकारचे आहे ते पाहावे. विंडोजमध्ये सेटिंग्ज, त्यात अकाउंट्स आणि त्यात युवर इन्फो असे गेल्यास, खाते प्रशासकाचे असेल तर नावाखाली ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ असे लिहिलेले आढळते. ते नसेल तर प्रशासक कोण याची घरात चौकशी करावी. चोरवाटा शोधू नयेत.

पाचवी गोष्ट, एखादा कार्यक्रम प्रत्येक वेळी सुरू करताना परवानगी मागत असेल, तर दोष बहुधा त्या कार्यक्रमाच्या रचनेत असतो. जुन्या काळी लिहिलेले कित्येक कार्यक्रम आपले कागद ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या सामाईक कोठारातच लिहू पाहतात, म्हणून किल्लेदार त्यांना दरवेळी हटकतो. त्या कार्यक्रमाची नवी आवृत्ती मिळवावी, हा सरळ उपाय होय. एका जुन्या कार्यक्रमापायी सगळ्या संगणकाचा पहारा उठविणे म्हणजे उंदरासाठी कोठार जाळणे होय.

सहावी गोष्ट, जुन्या संगणकातील हार्ड डिस्क नव्या संगणकास जोडली असता आपलीच छायाचित्रे ‘परवानगी नाही’ म्हणून उघडत नाहीत. दोन्हीकडे खात्याचे नाव ‘आई’ असेच असते, तरी असे का व्हावे? कारण संगणक मालक ओळखतो तो नावावरून नव्हे, तर खाते निर्माण होताना दिलेल्या एका लांबलचक क्रमांकावरून. दोन यंत्रांवरील दोन ‘आई’ त्याच्या दृष्टीने दोन निरनिराळ्या व्यक्ती आहेत. अशा वेळी प्रशासकास त्या फोल्डरची मालकी स्वतःकडे घेता येते. परंतु हा अधिकार आपल्या कागदपत्रांच्या फोल्डरापुरताच वापरावा. प्रणालीच्या फोल्डरांवर तो चालविल्यास संगणक सुरू होणेही बंद पडू शकते.

पासवर्ड खरोखरच विसरला असेल तर काय करावे? खाते मायक्रोसॉफ्टचे असल्यास दुसऱ्या यंत्रावरून वा मोबाईलवरून, नोंदविलेल्या क्रमांकाच्या किंवा ईमेलच्या साहाय्याने, नवा पासवर्ड घेता येतो. खाते केवळ त्या यंत्रापुरते असल्यास पूर्वी ठरविलेल्या सुरक्षा प्रश्नांची उत्तरे द्यावी, अथवा घरातील दुसऱ्या प्रशासकाने नवा शब्द घालून द्यावा. मात्र दुसऱ्याने असा शब्द बदलला तर त्या खात्यात गुप्त लिपीत ठेवलेल्या फायली आणि साठविलेले इतर पासवर्ड हातचे जाण्याचा संभव असतो, हे ध्यानात ठेवावे. आणखी एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. अनेक नव्या संगणकांत संपूर्ण डिस्कच गुप्त लिपीत ठेवलेली असते. काही दुरुस्तीनंतर यंत्र ४८ अंकी पुनःप्राप्ती किल्ली मागू शकते, आणि ती नसेल तर कोणत्याही कारागिराला आतील मजकूर काढता येत नाही. ती किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. आजच ती पाहून कागदावर उतरून ठेवावी.

आतापर्यंत चौकट अडते तेव्हा काय करावे ते पाहिले. परंतु चौकट न बोलावता आली तर? येथे असीरगडाचीच एक हकीकत बोधप्रद आहे. १८१९ साली इंग्रजांनी या गडास वेढा दिला तेव्हा तो दौलतराव शिंद्यांचा होता आणि जसवंतराव लाड हे तेथील किल्लेदार होते. गड इंग्रजांच्या हवाली करावा असा शिंद्यांचा उघड हुकूम होता. परंतु गड पडल्यावर तेथे शिंद्यांचेच एक पत्र सापडले. त्यात बाजीराव पेशवे सांगतील तसे वागावे अशी किल्लेदारास आज्ञा होती. हुकूम एक आणि पोटातील पत्र दुसरे! लबाड संगणक-कार्यक्रमांची रीत अशीच असते. बाहेरचे नाव खेळाचे, सवलतीचे किंवा बँकेच्या सूचनेचे असते आणि आतील आज्ञा आपले पासवर्ड धन्याकडे पोहोचविण्याची असते. एकदा ‘होय’ म्हटले की तो कार्यक्रम प्रशासकाच्या पूर्ण अधिकाराने वागतो. मग त्याच्यात आणि तुमच्यात संगणक भेद करू शकत नाही.

म्हणून चौकट आली की तीन प्रश्न स्वतःस विचारावे. हे काम मी आत्ता सुरू केले होते काय? कार्यक्रमाचे नाव माझ्या ओळखीचे आहे काय? त्याच्या प्रकाशकाचे नाव पडताळलेले आहे, की ‘अननोन’, म्हणजे अज्ञात, असे लिहिले आहे? यांपैकी पहिल्याच प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर निःशंकपणे ‘नाही’ दाबावे. ‘नाही’ म्हटल्याने काही बिघडत नाही. काम खरे असेल तर ते पुन्हा सुरू करता येते. दूरध्वनीवरून कोणी आपण कंपनीचे वा बँकेचे माणूस आहोत असे सांगून ‘होय दाबा’ किंवा ‘पासवर्ड सांगा’ असे म्हणत असेल तर संभाषण तेथेच थांबवावे. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर विनाविलंब कळवावे. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ सी अन्वये अपराध असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मित्राच्या खात्यात गंमत म्हणून शिरू पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

शेवटी घरातील व्यवस्थेविषयी. एकाच संगणकावर वडिलांच्या यंत्रमागांचा हिशेब, ताईचा अभ्यास, आजोबांच्या निवृत्तिवेतनाची कागदपत्रे आणि लग्नकार्यांची छायाचित्रे असतात. पासवर्ड मात्र थोरल्या भावाला एकट्यालाच ठाऊक असतो, आणि तो शिक्षणासाठी वा नोकरीसाठी इंदूरला किंवा पुण्याला गेला की सारे घर आपल्याच दाराबाहेर उभे राहते. दैववशात त्या माणसावरच काही प्रसंग ओढवला तर एका पिढीच्या आठवणी त्या पेटीत बंद होऊन पडतात. हे टाळण्यासाठी प्रशासकाचे एक निराळे खाते करून ते केवळ प्रशासनाच्या कामासच वापरावे. रोजच्या वापरासाठी प्रत्येकाचे, वडिलांचेसुद्धा, सामान्य खाते असावे. प्रशासकाचा पासवर्ड घरातील दोन वडील माणसांना ठाऊक असावा. तो आणि वर सांगितलेली ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून, पाकिटात बंद करून, शिधापत्रिका आणि घराचे कागद जेथे असतात त्या कपाटात ठेवावी. संगणकाला चिकटविलेली चिठ्ठी आणि कपाटातील बंद पाकीट यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

शब्द निवडताना जन्मतारीख आणि मुलांची नावे टाळावी. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच सोपे मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहिले तर लांबलचक, आठवण्यास सोपा आणि ओळखण्यास कठीण असा शब्द सिद्ध होतो. विनाकारण दर महिन्यास तो बदलण्याचीही गरज नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शनात लांबीवर भर दिला असून, शब्द फुटल्याचा पुरावा नसताना ठरावीक मुदतीने तो बदलावयास लावू नये असे सांगितले आहे.

अधिकार जवळ असणे आणि तो पदोपदी गाजविणे यांत फरक आहे. संगणकाची चौकट दरवेळी आपणांस हेच विचारते की, हा अधिकार या कामास खरोखर लागतो काय? तो प्रश्न वाचून उत्तर देण्याची सवय ज्या घरातील लहानथोरांना लागेल, त्या घरची कागदपत्रे सुरक्षित राहतील आणि ती हवी तेव्हा त्या घरच्यांना उघडताही येतील. या दोहोंपैकी एक साधून दुसरे गमावले तर पहाऱ्याचा काय उपयोग? तेव्हा येत्या रविवारी घरातील मंडळींनी एकत्र बसून प्रशासकाचे खाते कोणाचे आहे, त्याचा पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे आणि पुनःप्राप्तीची किल्ली कोठे आहे, एवढे तीन प्रश्न विचारावे आणि त्यांची उत्तरे त्या पाकिटात घालून ठेवावी.